आधी तपासणी, मग इलाज

शौचावाटे रक्त पडले की शहापूर तालुक्यातल्या खर्डीत काय किंवा ठाण्यात काय, माणूस मूळव्याध झाली असे स्वतःच ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात हे तीन वेगळे आजार असू शकतात. मूळव्याधीत आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात आणि बहुधा न दुखता रक्त जाते. फिशरमध्ये कडक मलाने त्वचेला चीर पडते व शौचाच्या वेळी तीव्र वेदना होतात. भगंदरात गळू फुटून नळी तयार होते आणि पू वाहत राहतो. साहजिकच तिन्हींचे उपचारही वेगळे. सुरुवातीची मूळव्याध व ताजे फिशर पालेभाज्या, इसबगोल, भरपूर पाणी आणि कोमट पाण्यात बसण्याने बहुतेकदा आटोक्यात येते. भगंदर मात्र पथ्याने बरे होत नाही; त्यासाठी शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र, म्हणजे नळीत बांधायचा औषधी क्षार लावलेला आयुर्वेदिक दोरा, लागतो.

‘शस्त्रक्रिया केली तरी आजार उलटतो, मग डॉक्टर कशाला?’ हा आक्षेप भगंदरापुरता अगदी निराधार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 1991 मधील चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सुमारे 11 टक्के, तर क्षारसूत्रानंतर 4 टक्के रुग्णांत भगंदर उलटले. क्षारसूत्राने जखम भरायला मात्र दुप्पट, म्हणजे सुमारे आठ आठवडे लागले. पण यातून, डॉक्टरऐवजी अनेक जण लावून घेतात त्या वैदूच्या जळजळीत लेपाचे समर्थन होत नाही. क्षारसूत्रही प्रशिक्षित हातांनीच बांधावे लागते. शिवाय आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त जाते. म्हणून लाज आणि बुडणारी मजुरी बाजूला ठेवून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी तपासून घ्या.