कापसाचा भाव आणि वेचणीचा दर

किनवट तालुक्यातल्या इस्लापूर भागात कापूस वेचतात त्या बहुतेक बायाच, आणि मजुरी किलोवर. नांगरट, फवारणी, गाडी भरणं ही पुरुषांची कामं; त्यांचा रोज वेगळा आणि जास्त. समान कामाला समान वेतन हा नियम कायद्यात १९७६ पासून आहे. पण ‘काम एकसारखं नाही’ म्हटलं की तो बाजूला पडतो.

स्पर्धा वाढली की भेदभाव मालकाला परवडत नाही, असं अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये मांडलं. म्हणजे व्यापार खुला झाला की बाई-पुरुषांच्या वेतनातली दरी मिटायला हवी. कागदावर पटतं. निधिया मेनन आणि याना रॉजर्स यांनी २००९ च्या अभ्यासात भारतातल्या कारखान्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा मोजक्या कंपन्यांच्या हाती असलेल्या उद्योगांत दरी उलट वाढलेली दिसली. नफा आकसला की काटछाट तिथून सुरू होते, जिथे घासाघीस करायची ताकद कमी.

हा अभ्यास शेताला जसाच्या तसा लागू नाही, पण वाट ओळखीची आहे. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क स्थगित केलं आणि नंतर ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. बाहेरच्या कापसाने भाव दबला तर शेतकरी खताच्या दुकानात काय भांडणार? तो वेचणीचा दर ओढून धरतो. रोजगार हमीच्या कामावर मात्र स्त्री-पुरुषांना दर एकच. ते काम गावात सुरू असेल, तर कमी दराला नाही म्हणायची सोय बाईकडे राहते.