यूएसबी पोर्ट मुका होतो तेव्हा

कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडू पाहणारा वारणानगरचा प्रकल्प १९९८ साली सुरू झाला. त्याच वर्षी यूएसबी, म्हणजेच युनिव्हर्सल सीरियल बस, या जोडणीपद्धतीची १.१ ही आवृत्ती आली आणि पुढे या पद्धतीने संगणकामागच्या बहुतेक जुन्या पोर्टांची जागा घेतली. वेदगंगेकाठच्या मुरगूडसारख्या गावांत विकास सेवा संस्था, शाळा आणि झेरॉक्सची दुकाने यांत जुने डेस्कटॉप अजून राबत असतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांच्या पोर्टांतील धातूवर धूळ व गंज चढून एखादा पोर्ट अचानक मुका होतो. तो कायमचा गेला असे ठरवण्याची घाई मात्र बहुतेक वेळा चुकीची ठरते.

यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये बॅटरीच्या उजेडात पाहिले असता प्लास्टिकच्या जिभेवर चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन पट्ट्यांतून पाच व्होल्टचा पुरवठा होतो, तर मधल्या दोन पट्ट्या माहितीची ने-आण करतात. पेनड्राइव्हच्या तोंडातील कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा किंचित लांब ठेवलेल्या असतात, त्यामुळे आत सरकवताना वीज आधी आणि माहिती नंतर जोडली जाते. चालू संगणकात उपकरण निर्धास्तपणे लावता येते ते या योजनेमुळेच. वीज मिळताच उपकरण दीड हजार ओमच्या रोधामार्फत, म्हणजे वीजप्रवाहाला अडवणाऱ्या घटकामार्फत, माहितीच्या एका तारेवरील दाब वर खेचते आणि त्यावरून संगणकाला त्याची चाहूल लागते.

निदानाची खरी किल्ली येथेच आहे. ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असा संदेश पडद्यावर आला, तर उपकरणाला वीज मिळाली आणि संगणकाला त्याची चाहूलही लागली, पण पुढचा संवाद तुटला, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी मळलेली पट्टी, खराब केबल, ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, किंवा खुद्द उपकरण यांच्यावर संशय घ्यावा. पेनड्राइव्हचा दिवा लागतो पण संगणकाला काहीच कळत नाही, तेव्हा माहितीच्या तारा तपासाव्यात. दिवाही लागत नसेल आणि तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालत असेल, तर दोष बहुधा पुरवठ्यात असतो.

पुरवठा तुटण्याचे एक कारण दिलासा देणारे आहे. अनेक मदरबोर्डांवर पोर्टसाठी पॉलिफ्यूज, म्हणजे आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज, बसवलेला असतो. जास्त प्रवाह ओढला गेला की त्यातील पॉलिमर तापून फुगतो, त्यामधील कार्बनकणांची साखळी तुटते आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. थंड झाल्यावर ती साखळी पुन्हा जुळते. म्हणून संशयित उपकरण काढून, भिंतीवरचा स्विच बंद करून संगणकाला काही वेळ विश्रांती द्यावी, कारण नुसते शटडाऊन केल्यावरही काही मदरबोर्डांवर पाच व्होल्टचा पुरवठा चालूच राहतो.

पुढचे पोर्ट बंद आणि मागचे चालू असतील, तर कॅबिनेटमधील बारीक केबल मदरबोर्डवरून सैल झाली आहे का, हे आधी पाहावे. स्वच्छता वीज तोडूनच, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने करावी, पिन किंवा सुई आत घालू नये. तिच्यामुळे कडेच्या दोन पट्ट्या एकमेकींशी जोडल्या गेल्यास पाच व्होल्ट थेट ग्राउंडशी जोडले जातात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून यूएसबी रूट हब काढून संगणक पुन्हा सुरू केल्यास ड्रायव्हर नव्याने बसतो, मात्र त्या दरम्यान यूएसबीचा माउस व कीबोर्ड बंद पडू शकतात, म्हणून जुन्या संगणकावर पीएस/२ चा गोल पोर्ट असेल तर त्याला लागणारा कीबोर्ड जवळ ठेवावा आणि तो संगणक बंद असतानाच जोडावा. लिनक्सची लाइव्ह डीव्हीडी, म्हणजे विंडोजऐवजी थेट स्वतःवरून संगणक सुरू करणारी तबकडी, लावल्यावर तोच पोर्ट चालला, तर दोष हार्डवेअरचा नाही, हे जवळपास सिद्ध होते.

एवढ्यावरही पोर्ट बोलला नाही, तर मदरबोर्डवरील रिकाम्या पीसीआय खाचेत यूएसबीचे कार्ड बसवून काम भागते; केवळ एका पोर्टपायी चालता संगणक भंगारात देऊ नये.