कागजीपुरा : तंतूपासून तावापर्यंत

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना, दौलताबादचा किल्ला मागे पडल्यावर आणि खुलताबाद येण्यापूर्वी, कागजीपुरा लागतो. हाताने कागद करणाऱ्यांची ही वस्ती. गावाला नाव पडले ते या धंद्यावरून, आणि कागद करणाऱ्याला ‘कागदी’ किंवा ‘कागजी’ म्हणतात ते आडनाव होऊन गेले. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि देवगिरीचे दौलताबाद केले, त्या वेळी दरबाराबरोबर कागदी आले, असे या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. राजधानी काही वर्षांतच परत गेली. कागदी राहिले.

राहण्याला कारण होते. सनदा, फर्माने, वसुलाचे हिशेब, पोथ्या, कुराणाच्या प्रती, सावकाराच्या चोपड्या, या सगळ्यांना कागद लागे आणि राज्यकर्ते बदलले तरी ती गरज बदलत नसे. मराठी दप्तरांत कागदाच्या जाती गावांच्या नावांनी ओळखल्या जात. ‘दौलताबादी’ हा त्यांतला एक, ‘जुन्नरी’ आणि ‘अहमदाबादी’ हे त्याच्या बरोबरीचे. खानदेशात एरंडोल, वऱ्हाडात बाळापूर आणि पुण्यात कसबा पेठेतला कागदीपुरा हीदेखील कागदाची ठिकाणे. यांतल्या बऱ्याच ठिकाणी आज केवळ नाव उरले आहे.

वनस्पतीचे तंतू कामाला लावण्याची या परिसराची ओळख मात्र कागदाच्या फार आधीची आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत कातळाच्या खडबडीत पृष्ठावर आधी मातीचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रंग भरले. त्या मातीत वनस्पतींचे तंतू आणि भाताचा तूस मिसळलेला आढळतो. माती वाळताना आकसते आणि भेगाळते. तंतू ती धरून ठेवतात. कोणता तंतू निवडला यावर गिलाव्याचे आयुष्य किती अवलंबून असते, हे वेरूळच्या नमुन्यांवरून दिसले. एम. आर. सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू ओळखले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांना किडीचा उपद्रव अधिक झाला आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अजिंठ्यात तंतू मातीला आधार म्हणून येतो. कागजीपुऱ्यात माती नाही, तंतूच सगळे काही आहे.

हा तंतू म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायां याने 1838 साली तो वनस्पतींपासून वेगळा करून दाखवला. ग्लुकोज या साखरेचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले जाऊन त्याची लांब साखळी होते. अशा साखळ्या शेजारीशेजारी बिलगून काही नॅनोमीटर जाडीचा सूक्ष्मतंतू बनतो, आणि सूक्ष्मतंतूंच्या जुड्यांपासून डोळ्यांना दिसणारा तंतू. कापसात सेल्युलोजचे प्रमाण शेकडा 90 हून अधिक असते. लाकडात ते निम्म्याच्या आतबाहेर भरते. उरलेल्या भागात तंतूंना चिकटवून ठेवणारे लिग्निन हेच शेकडा 20 ते 30 असते. कागद करायचा म्हणजे आधी हा चिकटपणा सोडवायचा, तंतू मोकळे करायचे आणि मग त्यांनाच एकमेकांत गुंतवून पुन्हा जोडायचे. जुन्या कागद्यांना सेल्युलोज हा शब्द ठाऊक नव्हता, पण या कामाचा क्रम त्यांना पक्का ठाऊक होता.

त्यांचा कच्चा माल बहुधा इतरांनी टाकून दिलेला असे: तागाचे जुने दोर, फाटकी गोणपाटे, सुती चिंध्या. वापरून झिजलेला दोर कागद्याच्या दृष्टीने नव्या तागापेक्षा बरा, कारण ऊन, पाणी आणि घर्षण यांनी त्याचे अर्धे काम आधीच केलेले असते. दोरांचे बोटभर तुकडे करून ते चुन्याच्या निवळीत भिजत घालत आणि दिवसचे दिवस मुरू देत. चुना अल्कधर्मी असल्याने तंतूंवरचे मेण आणि तंतूंमधले पेक्टिन सुटते, सेल्युलोजला मात्र धक्का लागत नाही. मग कुटणे. त्यासाठी ढेगी असे. जाड लाकडी तुळईच्या एका टोकाला मुसळासारखे डोके, मध्ये आस. दुसऱ्या टोकावर पाय दाबला की डोके वर उठते आणि पाय काढला की खाली दगडावर आदळते. एकजण पाय देतो, दुसरा खळग्याजवळ बसून दोन घावांच्या मधल्या क्षणात हाताने लगदा परततो. कुटलेला लगदा कापडात बांधून वाहत्या पाण्यात तुडवून धुवायचा, पुन्हा चुना, पुन्हा ढेगी, पुन्हा पाणी. ही फेरी किती वेळा करायची ते लगद्याकडे पाहून ठरे.

कागदाचा खरा कस या कुटण्यात आहे. कुटल्याने तंतू नुसता तुटत नाही, तो उलगडतो. त्याच्या अंगावरून बारीक केसांसारखे सूक्ष्मतंतू सुटे होतात, आत पाणी शिरते आणि तंतू फुगून लवचिक होतो. सेल्युलोजच्या साखळीवर ठायीठायी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे गट असतात. ओला ताव वाळताना पाणी निघून जाते आणि जाताजाता तंतूंना जवळ ओढते. मग एका तंतूवरचे हे गट दुसऱ्या तंतूवरच्या गटांशी हायड्रोजन बंध करतात. कागदाला धरून ठेवायला डिंक लागतो ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. ताव एकसंध राहतो तो तंतूंच्या आपसातल्या बंधांवर, आणि हे बंध किती होतील ते कुटण्यावर ठरते. कमी कुटलेल्या लगद्याचा कागद टिपकागदासारखा पोकळ होतो. फार कुटलेला लगदा पाणी सोडत नाही आणि त्याचा ताव काचेसारखा कडक, अर्धपारदर्शक होतो. या दोन टोकांमधली जागा कागद्याला बोटांनी कळते. चिमूटभर लगदा भांडेभर पाण्यात सोडला आणि तो गाठी न धरता धुरासारखा पसरला, तर तो तयार.

तयार लगदा हौदात येतो. जुन्या पद्धतीत हौद जमिनीच्या पातळीशी असतो आणि कारागीर त्याच्या कडेला बसतो. पाण्यात लगदा इतका विरळ असतो की शंभर भाग पाण्यात एक भागही भरत नाही. कारागिराजवळ दोन वस्तू असतात: साचा, म्हणजे लाकडी चौकट, आणि छापरी, म्हणजे गवताच्या बारीक काड्या घोड्याच्या केसांनी विणून केलेली, चटईसारखी गुंडाळता येणारी चाळण. छापरी साच्यावर ताणून तो साचा जवळजवळ उभा धरून हौदात बुडवतो, पाण्याखाली आडवा करतो आणि सपाट वर उचलतो. पाणी छापरीतून खाली गळू लागते. तेवढ्या दोनचार क्षणांत साचा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलकेच हलवायचा, म्हणजे तंतू सगळ्या दिशांनी एकमेकांवर आडवेतिडवे बसतात. हात थांबला की ताव बसला. यानंतर त्यात दुरुस्ती नाही. जाड-पातळ झाला तर छापरी उलटी करून लगदा परत हौदात जातो. जमलेला ताव छापरीसकट ढिगावर पालथा घालतात आणि छापरी एका कडेकडून सोलून घेतात. काड्यांच्या बारीक रेषा आणि केसांच्या विणीच्या विरळ ओळी कागदात कायमच्या उमटतात. जुने कागद उजेडासमोर धरून त्यांची घडण ओळखताना अभ्यासक याच रेषा मोजतात. हे हलवणे सांगून शिकवता येत नाही, वर्षानुवर्षे हौदाशी बसूनच ते हाताला येते.

ढिगावर वजन ठेवून पाणी काढल्यानंतर ओले ताव एकेक करून गुळगुळीत चुनेगच्ची भिंतीवर कुंच्याने चिकटवत. वाळलेला ताव भिंतीवरून सुटा होई, तेव्हा त्याची एक बाजू भिंतीइतकी गुळगुळीत झालेली असे. मग खळ. तांदळाची किंवा गव्हाची पातळ खळ दोन्ही अंगांना फिरवली नाही तर शाई फुटते. पुन्हा वाळवून ताव लाकडी फळीवर पसरायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटल्याने वरचे तंतू दबतात, खळ भरून बसते आणि पृष्ठाला तकाकी येते. हाच तो ‘घोटीव कागद’. मोडी लिहिणाऱ्याला हात न उचलता एकसलग ओळ ओढायची असते. त्याचा बोरू न अडखळता धावतो तो या घोटण्यामुळे. ताव मोजून दस्ते बांधायचे, की काम संपले.

या कागदाचे टिकणे हा योगायोग नाही. मुळात तंतू लांब, चिंध्या आणि दोरांत लिग्निन कमी, आणि चुन्याचा थोडा अंश कागदात राहून गेलेला. तो अंश हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडू होतो आणि पुढे शतकानुशतके कागदात तयार होणारे आम्ल शोषत राहतो. युरोपात एकोणिसाव्या शतकात तुरटी आणि राळ यांची खळ आली, पाठोपाठ लाकडाचा दळलेला लगदा आला, आणि कागद स्वस्त झाला. त्या तुरटीचे आम्ल आणि लाकडाचे लिग्निन कागदाला आतून खाते. शंभर वर्षांचे छापील पुस्तक हातात घेताच कडा चुरडतात, आणि तीनशे वर्षांचा घोटीव कागदावरचा मोडी दस्तऐवज घडी उलगडून वाचता येतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडणाऱ्यांना हा फरक रोज दिसतो. खळीला कसर लागते, ही या कागदाची दुखरी बाजू खरी.

यंत्राच्या कागदापुढे कागजीपुऱ्याचा निभाव लागणे कठीण होते. विसाव्या शतकात या हुन्नराला आधार मिळाला तो ग्रामोद्योगाच्या चळवळीतून. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. के. बी. जोशी यांनी हे काम शास्त्रीय पायावर नेले आणि 1940 साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. ढेगीची जागा हॉलंडर यंत्राने घेतली. या यंत्राला कारागीर ‘बीटर’ म्हणतात: लांबट हौदात पात्यांचे फिरते रूळ, आणि त्याखालून पुन्हा पुन्हा जाणारा लगदा. कच्चा माल म्हणून होजियरीच्या कारखान्यांतली पांढरी सुती कातरण आली. कागजीपुऱ्यातही ढेगीचे दिवस मागे पडले आणि बहुतेक घरांनी धंदा सोडला. वेरूळला जाणारे पर्यटक आज तिथे थांबतात ते रंगीत ताव, पाकिटे आणि निमंत्रणपत्रिका घेण्यासाठी. दप्तरासाठी कागद मागणारे गिऱ्हाईक संपले आहे.

लाकूड आणि बांबू यांचा मार्ग निराळा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरसारख्या मोठ्या गिरण्यांत लाकडाच्या किंवा बांबूच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्याबरोबर बंद पात्रात सुमारे 170 अंश सेल्सिअसला शिजवतात. जे लिग्निन काढणे चुन्याला दिवसांत जमत नाही, ते इथे काही तासांत विरघळते. हाच लगदा आणखी शुद्ध केला की त्यातून कागदापलीकडच्या वस्तू होतात. 1892 साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेवन आणि बीडल यांनी तो कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या साहाय्याने मधासारख्या द्रवात उतरवला. हा द्रव बारीक भोकांतून आम्लात सोडला की विस्कोस रेयॉनचा धागा बनतो. कल्याणजवळ शहाडला हे काम चालते. लगद्यावर आम्लाची सौम्य प्रक्रिया केली तर साखळ्यांचे विस्कळित भाग तुटून स्फटिकी भाग उरतात आणि पांढरे, चवहीन चूर्ण मिळते. औषधाच्या गोळीला आकार धरून ठेवणारे आणि पोटात गेल्यावर तिला फुटू देणारे चूर्ण ते हेच. संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने पुष्कळ आहेत, म्हणजे सेल्युलोज या शहरात आजही रोज हाताळले जाते.

सगळ्यांत बारीक टप्पा मुंबईत माटुंग्याला पाहायला मिळतो. 1924 साली सुरू झालेल्या आणि आता केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने नॅनोसेल्युलोज करणारे पथदर्शी संयंत्र उभारले आहे. त्याची क्षमता दिवसाला 10 किलोची. कच्चा माल म्हणजे जिनिंगनंतर सरकीवर उरलेली आखूड लव. कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. लवीचा लगदा यंत्राने इतका रगडतात की तंतू सुटून सूक्ष्मतंतूच हाती येतात. ढेगी जे तंतूच्या पृष्ठावर करी, ते इथे आतपर्यंत होते. शंभर भाग पाण्यात दोन भाग इतके अल्प सेल्युलोज असले तरी त्याचा दाट जेल होतो, आणि पातळ थर वाळवला की काचेसारखा पारदर्शक पापुद्रा मिळतो. प्लास्टिक, रबर, रंग आणि कागद यांना बळकटी देण्यासाठी त्याचा उपयोग आहे. अडचण वाहतुकीची. हा जेल पूर्ण वाळला की सूक्ष्मतंतू एकमेकांना कायमचे घट्ट धरतात आणि पाण्यात टाकल्यावर पहिल्यासारखे सुटे होत नाहीत. म्हणून तो बहुधा पाण्यासकट, ओलाच पाठवावा लागतो. कागदाच्या लगद्याचे तेच आहे: एकदा वाळला तर पुन्हा कितीही भिजवला तरी पहिल्याइतका फुलत नाही, आणि त्यापासून केलेला ताव कमजोर निघतो.