जमिनीखालचं कल्याण आणि फुकटचं सॉफ्टवेअर

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. ठाण्यात १७८७ साली पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९चा, म्हणजे इ.स. १०१७चा, ताम्रपट हाती आला. पाया खणायला जेसीबी येण्याआधी जमिनीखाली काय आहे हे रडार, चुंबकमापक किंवा विद्युतरोध मोजणाऱ्या यंत्राने पाहून घेता येतं. मोजणीनंतरचं संगणकावरचं काम फुकट सॉफ्टवेअरवरही होतं. त्याबद्दलचे काही समज मात्र दुरुस्त करायला हवेत.

‘फुकट म्हणजे कामचलाऊ.’

रडारच्या नोंदींसाठी जीपीआरपाय, विद्युतरोधासाठी पायजिमली आणि सगळं नकाशावर बसवायला क्यूजीआयएस ही साधनं खुली आहेत. कोणतं गणित वापरलं, हे कोड उघडून तपासता येतं. विकतच्या पॅकेजमध्ये तयार मेनू असतात आणि अडलं तर विचारायला माणूस असतो. ती सोय खरीच आहे, पण त्यामागचं भौतिकशास्त्र काही निराळं नसतं. आपल्या यंत्राची फाइल त्या सॉफ्टवेअरला वाचता येते का, एवढं मोजणीआधीच पाहून ठेवावं.

‘सॉफ्टवेअर चांगलं असेल तर सगळं दिसतं.’

सर्वांत घातक समज हाच. इंग्लंडमध्ये वॉटर न्यूटनला १९५८ साली मार्टिन एटकिनने चुंबकमापकाने रोमन भट्टी शोधली, कारण भाजलेली माती निवताना चुंबकत्व धरून ठेवते. आपल्याकडचा काळा कातळही लाव्हा निवूनच झालेला आहे. त्याचं स्वतःचंच चुंबकत्व जबर, आणि विखुरलेल्या प्रत्येक धोंड्यात त्याची दिशा वेगळी. इथलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे, तर बुजलेल्या खड्ड्यामुळे त्यात पडणारा फरक बरेचदा काही नॅनोटेस्लांचाच. त्यात लोकलच्या विजेच्या तारा आणि इमारतींमधलं लोखंड. मुंबईतल्या ट्राम विजेवर जाणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींसाठी १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारावी लागली होती. मग कल्याण जंक्शनच्या शेजारी काय होत असेल?

खाडीकाठी अडचण वेगळी. खारा, चिकट चिखल रडारच्या लहरी शोषून घेतो. जो प्रतिध्वनी परत आलाच नाही, तो कोणतंही सॉफ्टवेअर निर्माण करू शकत नाही. म्हणून कोणती पद्धत वापरायची हे आधी जमीन पाहून ठरवावं. सॉफ्टवेअरची निवड त्यानंतरची.

‘खोली रडार सांगतं.’

रडार वेळ सांगतं, खोली आपण काढतो. लहर जाऊन परत यायला २० नॅनोसेकंद लागले आणि तिचा वेग नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर धरला, तर वस्तू एक मीटरवर. ओल्या चिकणमातीत वेग ६ सेंटिमीटरपर्यंत उतरतो, आणि तीच वस्तू ६० सेंटिमीटरवर येते. पावसाळ्यानंतरची आणि मे महिन्यातली माती एकच मानणं म्हणूनच चूक आहे.

‘पट्टे पुसले की चित्र खरं.’

चुंबकमापक घेऊन माणूस शेतात नांगरासारखा येरझाऱ्या घालतो. जाताना आणि येताना यंत्राच्या वाचनात थोडा फरक पडतो, म्हणून नकाशावर पट्टे उमटतात. प्रत्येक ओळीची सरासरी शून्यावर आणली की ते जातात. पण एखादी भिंत चालण्याच्या दिशेने लांबलचक गेली असेल, तर तीही त्यांच्याबरोबर पुसली जाते! ज्या दिशेने भिंत असण्याचा संभव आहे, त्या दिशेने चालूच नये. मूळ, न बदललेली फाइल आणि केलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद जपून ठेवावी. कोडच्या ओळी लिहून काम केलं की ही नोंद आपोआप होते. मेनू दाबत गेलं की बहुतेक वेळा राहून जाते, आणि माझ्या मते खुल्या साधनांचा खरा फायदा इथे आहे.

‘नकाशात चौकोन दिसला, आता खणून पाहू.’

तो चौकोन जुन्या वाड्याचा असेल, नाहीतर चाळीस वर्षांपूर्वीच्या पाण्याच्या टाकीचा. नकाशा फक्त फरक दाखवतो, वय सांगत नाही. आणि पुरातत्त्वासाठी खणायचं तर परवाना लागतो. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटर नियंत्रित असतो. पाया खणताना जुनी नाणी किंवा मौल्यवान ऐवज सापडला, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.