न भिजलेली मोटार

एग्झॉस्टच्या नळीत बोट घालून बघा. बोट स्वच्छ बाहेर आलं, तर तुमच्यासमोर एक विचित्र चीज आहे: साठ वर्षांची, आणि तरीही बहुधा एकदाही न चाललेली, होडीमागे लावायची मोटार. चार मिनिटं जरी ती चालली असती, तरी बोटाला तेलकट काजळी लागलीच असती. आता खालच्या गिअरच्या डब्याचा स्क्रू सोडा आणि तेल बघा. मधासारखं नितळ असेल तर मोटार कोरडी राहिली आहे. दुधाळ, पांढुरकं असेल तर तिने पाणी चाखलंय.

ही दुसरी परीक्षा ब्रिटिश सीगल या मोटारीच्या बाबतीत जवळजवळ हमखास. कारण या डब्याला तेल अडवणारं सील मुळी दिलेलंच नाही. काकवीसारखं दाट, 140 नंबरचं तेल हेच त्याचं सील. थोडं तेल बाहेर झिरपणार, थोडं पाणी आत शिरणार, दोन्ही मिळून ताक होणार, आणि त्या ताकावरच गिअर वर्षानुवर्षं फिरत राहणार. हे सगळं बनवणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेलं. आपल्याकडे याला जुगाड म्हणतील. मला तो पाण्याशी केलेला समंजस तह वाटतो.

सीगलचा जन्म 1931 सालचा, वुल्वरहॅम्प्टनच्या मार्स्टन कारखान्यातला. पुढे ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये, पूल नावाच्या बंदरात गेली (पूल हे गावाचंच नाव), आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलाने ती मोठ्या संख्येने घेतली. होडीच्या मागच्या फळीला स्क्रूने आवळायची, डोक्यावरच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि हिसका द्यायचा. बहुतेक जुन्या सीगलना न्यूट्रल नाही. इंजिन सुरू झालं की पंखा फिरलाच आणि होडी निघालीच, तुम्ही बसलेले असा वा नसा.

अशी एक मोटार, समजा, तिकडे कुणाच्या आजोबांच्या शेडमध्ये पोत्याखाली निघाली. नातवंडांपुढे प्रश्न: चालवायची की विकायची? वाद बहुतेक वेळा एका गृहीतावर उभा असतो. चालवली तर झिजेल, ठेवली तर राहील. यातलं पहिलं खरं आहे. दुसरं तपासून बघू, ठिणगीपासून सुरुवात करून.

मोटारीतला सगळ्यात थक्क करणारा भाग डोक्यावरच्या त्या चाकाखाली, म्हणजे फ्लायव्हीलखाली दडलेला आहे. तो म्हणजे मॅग्नेटो. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, तरी ठिणगी पडते. फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेले असतात. दोरीच्या हिसक्याने ते तारेच्या वेटोळ्याजवळून झपकन जातात, आणि 1831 साली फॅरडेने दाखवलं तसा तारेत प्रवाह सुरू होतो. तो प्रवाह तसा दुबळाच. पण नेमक्या क्षणी पॉइंट नावाची दोन चिमुकली टोकं एकमेकांपासून दूर होतात आणि वाहता प्रवाह अचानक तुटतो. त्याच्याभोवतीचं चुंबकी क्षेत्र कोसळतं. शेजारीच केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्या कोसळण्याने त्यांत हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या टोकाशी अर्ध्या मिलिमीटरची फट ठिणगी उडी मारून पार करते. ही सगळी ऊर्जा आली कुठून? तुमच्या दंडातून. साठ वर्षांपूर्वीच्या चुंबकांमध्ये आजही हे करण्याइतका जोर उरलेला असतो, आणि हे मला दर वेळी नव्याने खरं वाटेनासं होतं.

पण मग न वापरलेली मोटार पहिल्या हिसक्याला ठिणगी का देत नाही? गुन्हेगार ते पॉइंट. पडून राहिल्यावर त्यांच्या तोंडावर डोळ्यांना न दिसणारा गंजाचा पापुद्रा चढतो, आणि दुबळ्या प्रवाहाला तो पापुद्रा भिंतीसारखा. चालत्या मोटारीत उघड-मिट होताना ही टोकं आपोआप घासली जातात. ज्यांनी जुन्या राजदूतचे किंवा येझदीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासलेत, त्यांना हा रोग सांगायला नको. त्याच काळातल्या अमेरिकन जॉन्सन आणि एविनरूड मोटारींची कथा आणखी वाईट. त्यांच्या कॉइलवरचं आवरण मोटार शेडमध्ये पडल्या पडल्याही तडकतं, आणि पाणी खेचणारा रबरी पंखा त्याच बाकात कडक होऊन बसतो.

सगळ्यात मजेदार प्रकार पेट्रोलच्या टाकीखालच्या तोटीचा. जुन्या तोट्यांमध्ये गळती अडवायला चक्क बूच असायचं, बाटलीच्या बुचाचं भावंड. पेट्रोलमध्ये ते फुगलेलं राहतं आणि घट्ट बसतं. टाकी वर्षानुवर्षं कोरडी राहिली की बूच आक्रसतं. म्हणजे वापरलेल्या मोटारीची तोटी शाबूत आणि जपून ठेवलेल्या मोटारीची गळकी! जपणूक हीसुद्धा एक झीज आहे. फक्त तिचा आवाज होत नाही.

त्यात पेट्रोलही आता तेव्हाचं उरलेलं नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाच्या मळीपासून इथेनॉल गाळणाऱ्या महाराष्ट्राला ते काय असतं हे समजवायला नको. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि जुनी रबरं, जुने चिकट थर सैल करतं. म्हणून अशा मोटारीत ताजं पेट्रोल घालायचं, काम झालं की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं करायचं.

आणि पेट्रोलमध्ये तेल. जुन्या सीगलचं प्रमाण दहास एक, म्हणजे लिटरला शंभर मिलिलिटर. पंपावर स्कूटरमध्ये टू-टी ओतून घेतलेल्यांनाही हे ऐकून ठसका लागेल. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना खालच्या पोकळीत मिश्रण ओढतो आणि खाली येताना तेच वर ढकलतो. क्रँक आणि पिस्टनला वंगण मिळतं ते या येण्याजाण्यात. पण ताजं मिश्रण वर येतं तेव्हा धूर बाहेर जाण्याचं दार उघडंच असतं. त्यामुळे अशा जुन्या इंजिनांत पाव हिस्सा इंधन न जळताच निसटू शकतं. पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगतं ते त्याचंच. अमेरिकेतल्या टाहो सरोवराने 1999 पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकना मनाई केली, आणि मला ती योग्यच वाटते. ही मोटार रोज वापरायची वस्तू नव्हे.

मग विकायची? इथे बाजाराचं गणित उलटं आहे. सीगल दुर्मीळ नाही. चाललेल्या सीगल इंग्लंडच्या खाडीकाठच्या शेडांमध्ये टांगलेल्या असतात, सुटे भागही मिळतात. न चाललेलीला ज्यादा किंमत येते ती यंत्राची नसून त्या स्वच्छ बोटाची, आणि ती एकदाच वसूल करता येते. पहिल्या ठिणगीसोबत ती जळून जाते. मूळ खोका, पुस्तिका, बांधलेलं लेबल असं सगळं जागेवर असेल, तर मी म्हणेन ती संग्रह करणाऱ्याला द्या आणि दोरीला हात लावू नका. ओले एविनरूडच्या 1909 च्या सुमाराच्या पहिल्या मोटारींपैकी एखादी निघाली, तर श्वाससुद्धा जपून घ्या! पण नुसती पोत्यात गुंडाळलेली सीगल असेल, तर ती चालवावी.

मात्र थेट होडीवर नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवायचं. कोरड्या सिलिंडरला दिलेला पहिला जोरदार हिसका साठ वर्षांपेक्षा जास्त नुकसान करू शकतो. गिअरचं तेल बदलायचं. मोटारीला पाणी गार ठेवतं, म्हणून पिंपाच्या काठावर फळी लावून तिच्यावर मोटार आवळायची आणि पिंप गोड्या पाण्याने भरायचं. समुद्राचं खारं पाणी पुढच्या वेळी.

आणि आदल्या रात्री तोटीतलं बूच काढून गरम पाण्यात टाकून ठेवायचं. सकाळी ते फुगलेलं दिसलं, बोटांनी दाबल्यावर किंचित लवचिक लागलं, की परत जागेवर बसवायचं आणि मग दोरी शोधायला लागायचं.