एका सुताची वजाबाकी

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत दुपारचे अडीच वाजलेत. कटरचा आवाज नुकताच थांबलाय, भुसा अजून हवेत आहे. आठ बाय चारचं पाऊण इंची प्लायवूड आडवं टाकून मिस्त्री उभे आहेत. शेजारी त्यांचा भाचा, दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत मामाकडे काम शिकायला आलेला. त्याच्या हातात टेप आणि चुरगळलेली चिठ्ठी.

चिठ्ठीवर एका घरातल्या कोनाड्याची मापं आहेत. त्यात कपाट बसवायचंय. रुंदी तीनदा लिहिलीय : वर ३१ इंच ३ सूत, मध्ये ३१ इंच २ सूत, खाली साडेएकतीस.

"मामा, यातलं धरायचं कुठलं?"

"सगळ्यात लहान. भिंत ओळंब्यात कुठं असते? मोठं धरलंस तर कपाट मध्येच अडकेल. आणि त्यातनंही एक सूत कमी कर, सरकायला जागा पाहिजे."

एका इंचात आठ सूत. टेपवर दुसऱ्या बाजूला मिलिमीटर आहेत, मेट्रिक मापांचा कायदाही १९५६चा. पण या गल्लीत बोलणं इंच-सुतातच चालतं. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाव म्हणजे दोन, पाऊण म्हणजे सहा. शाळेत वजाबाकीआधी लसावि काढून छेद समान करावे लागतात. इथे प्रत्येक माप आठाच्याच छेदात बोललं जातं, त्यामुळे ती पायरी लागतच नाही.

३१ इंच २ सुतातून एक सूत गेलं. कपाटाची बाहेरची रुंदी ३१ इंच १ सूत. आता आतल्या फळीची लांबी. दोन्ही बाजूंना पाऊण इंची प्लाय, म्हणजे दीड इंच वजा. पोरगा पेन्सिलीने प्लायवरच मांडतो आणि थबकतो. एका सुतातून चार सूत जाणार कसे? मग शाळेतली रीत आठवते. तो ३१ पूर्णांक एक अष्टमांशाचे २४९ छेद ८ करतो, दीडाचे १२ छेद ८. राहिले २३७ छेद ८. आठाने भागून २९ इंच ५ सूत.

मिस्त्रींनी तोवर बोटांवर उत्तर काढलंय. "एकतिसातला एक इंच सुटा कर. तीस इंच नऊ सूत झाले. नवातून चार गेले, पाच. तिसातून एक गेला, एकोणतीस."

उत्तर एकच. पोराची रीत चुकीची मुळीच नाही, पण २४९ आणि २३७ या आकड्यांत फळी दिसेनाशी होते. मामाच्या रीतीत इंच इंचच राहतो, त्यामुळे काही घसरलं तर लगेच खटकतं. हातच्याची वजाबाकी शिकवताना दशक सुटा करायला आपण सांगतोच की! अपूर्णांकात तसाच पूर्ण एक सुटा करायचा असतो, हे इतक्या उघडपणे मुलांना क्वचितच दाखवलं जातं.

खरी गंमत पुढे आहे. आठ फुटांच्या, म्हणजे ९६ इंचांच्या लांबीतून अशा तीन फळ्या काढायच्यात. उरलेल्यातून कपाटाच्या पायाशी लावायला सात इंची पट्टी हवी आहे. पोरगा आता तयार झालाय. २९ इंच ५ सूत तीनदा, म्हणजे ८८ इंच ७ सूत. ९६ मधून गेले, राहिले सात इंच एक सूत.

"मामा, सातची पट्टी निघतेय. वर एक सूत शिल्लक."

मिस्त्री उत्तर देत नाहीत. कटर उलटा करून पात्याची कड टेपला लावतात. पातं फिरतं तेव्हा जवळपास एक सूत लाकडाचा भुसा होतो. "हे कोण देणार?"

पोरगा पात्याकडे बघत राहतो. मग पुन्हा मांडतो. पहिली फळी आणि एक काप गेल्यावर राहिले सव्वासहासष्ट. दुसरी आणि तिचा काप गेल्यावर साडेछत्तीस. तिसरीनंतर पावणेसात. पट्टीला पाव इंच कमी पडतोय.

"मग आता?"

"आता काय, आधीच कळलं ना? कापल्यावर कळलं असतं तर रडलो असतो." मिस्त्री कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या ढिगातून एक पट्टी ओढतात, टेप लावतात. सव्वासात. पायाची सोय झाली. गुण्या लावून पहिली रेघ मारली जाते आणि कटर पुन्हा सुरू होतो.

पोराच्या पहिल्या हिशेबात आकड्यांची चूक एकही नव्हती. वजा करायची एक गोष्ट मांडायचीच राहिली होती, आणि उदाहरणात ती कुणी लिहून दिलेली नव्हती. शाब्दिक उदाहरणात मुलं अडतात ती बहुतेक इथेच. पाचवी-सहावीला शिकवणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे : 'फळीतून तीन तुकडे कापले, किती उरली?' एवढ्यावर उदाहरण थांबवू नका. वर्गात एक टेप आणा, कापताना किती गेलं तेही मुलांनाच शोधू द्या आणि मग वजाबाकी करायला सांगा.