खाऱ्या वाऱ्यात थकणारं पोलाद

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिनी, शिवाजी महाराजांच्या 35 फुटी पुतळ्याचं अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. सहाच दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने नटबोल्ट गंजल्याचं पत्र नौदलाला धाडलं होतं. चौकशी अहवालात गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं दिल्याच्या बातम्या पुढे आल्या. नऊ महिन्यांत त्या सांगाड्यात थकवा, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाने धातूत होणारी इजा, किती साचला, हा वेगळा प्रश्न. पण ही तिन्ही कारणं थकव्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीची आहेत.

हा अभ्यास उभा राहिला तो एका साध्या यंत्रावर. 1842 मध्ये व्हर्सायजवळ आगगाडीचा आस तुटून पन्नासहून अधिक माणसं दगावली. पुढे प्रशियाच्या रेल्वेतला अभियंता ऑगस्ट वोलर याने आस फिरवून तोडायचं यंत्रच बांधलं. आजही ते त्याच तत्त्वावर चालतं. मध्यभागी निमुळती, आरशासारखी घासलेली सळई, तिला टांगलेलं वजन, फिरवणारी मोटर आणि फेरे मोजणारा आकडा. प्रत्येक फेऱ्यात सळईची प्रत्येक बाजू आधी ताणली जाते, मग दाबली जाते. सळई तुटली की मोटर थांबते. वोलरला दिसलं की वजन एका मर्यादेखाली ठेवलं, तर लाखो फेऱ्यांनंतरही पोलाद तुटत नाही. साध्या पोलादात ही मर्यादा त्याच्या ताणशक्तीच्या साधारण निम्म्यावर असते. यंत्रांचे कितीतरी भाग याच भरवशावर आखले जातात.

आमच्या किनाऱ्यावर तो भरवसा धरता येत नाही. सळईवर समुद्राचं पाणी सोडून तीच चाचणी घेतली, की मर्यादाच नाहीशी होते. ताण कितीही कमी ठेवा, फेरे पुरेसे झाले की उघडं पोलाद तुटतंच. क्षार पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतात, खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो आणि तिथून भेग निघते. प्रत्येक ताणाबरोबर भेग उघडते, आतला ताजा धातू पुन्हा खाऱ्या पाण्याला मिळतो.

ट्रॉलरच्या पंख्याचा शाफ्ट मिनिटाला 500 फेरे फिरला, तर दहा लाख फेरे जेमतेम 33 तासांत होतात. थकव्याने तुटलेला असा शाफ्ट हातात घेऊन बघावा. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेला भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर ओहोटीने तारकर्लीच्या वाळूत सोडाव्यात तशा वळणदार रेषा असतात. उरलेला भाग खरखरीत, दाणेदार. तो शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. गुळगुळीत भाग मोठा असेल, तर समजावं की भेग बराच काळ वाढत होती आणि वेळेवर सापडू शकली असती. मला या विद्येत सर्वात मोलाची वाटते ती हीच गोष्ट: थकवा अचानक येत नाही, तो मुदत देतो.

ती मुदत वाया गेली की काय होतं, ते 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) दिसलं. 'अलेक्झांडर किलँड' हा तरंगता मंच वादळात उलटला, 212 पैकी 123 जण गेले. भेग सुरू झाली होती जलध्वनियंत्राची बैठक जोडणाऱ्या 6 मिलिमीटरच्या सदोष वेल्डिंगपासून. भार पेलण्याशी त्या बैठकीचा संबंधही नव्हता, म्हणून तिच्याकडे कुणी गंभीरपणे पाहिलं नाही. पुतळ्याच्या सांगाड्यातही आडव्या-उभ्या पट्ट्यांचे असे शेकडो सांधे असतात आणि वाऱ्याचा प्रत्येक झोत त्यांना थोडंथोडं वाकवतो.

त्यात कांस्य आणि लोखंड खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले, की लोखंड आधी झिजतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं नेमकं हेच झालं. तांब्याच्या पत्र्याआडच्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या, रिवेट उखडले. 1986 पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून क्षाराला तोंड देणाऱ्या 316 एल जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या.

राजकोटवर आता नवा 60 फुटी कांस्य पुतळा आहे. 11 मे 2025 रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं पूजन झालं. किनाऱ्यावरच्या अशा प्रत्येक बांधकामाला पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी हवी. सांधा पुसून लाल रंगद्रव्य लावायचं, पुसून टाकायचं, वर पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर लाल रेघ उमटते. साहित्य स्वस्त आहे, काम तासाभराचं आहे. मात्र माणूस सांध्यापर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी आत शिरायचं दार, शिडी आणि उजेड यांची जागा पहिल्या आराखड्यातच राखावी लागते.